तांब्याची लाइन सोडा, घराचा फोन सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा साताऱ्यात दोघंच राहतात, दोघंही ऐंशीच्या आसपास. घरात जुनी लँडलाइन आहे, पण दर पावसाळ्यात ती बंद पडते आणि यंदा तर कितीतरी दिवस डायल टोनच नव्हता. तक्रार केली की फायबरवर या असं सांगतात. तुम्ही बंगळुरूत, भाऊ न्यू जर्सीत. आई-बाबा दोघांकडे स्मार्टफोन आहेतच, मग ब्रॉडबँड घेऊन सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर करावं आणि लँडलाइन सरेंडर करावी, असं तुमचं मत. बाबा मात्र नंबर सोडायला तयार नाहीत.

मी बरीच वर्षं टेलिफोनच्या भूमिगत केबलवर काम केलं आणि आता घरं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांच्या इंटरनेटची आणि फोनची जोडणी करतो. माझं उत्तर असं: तांब्याची लाइन खुशाल सोडा, तिच्यात आता जीव राहिलेला नाही. पण तिच्या जागी नुसतं व्हॉट्सॲप ठेवू नका. फायबरवरची लँडलाइन घ्या, तिला खणखणीत वाजणारा साधा फोन जोडा, त्याच्या विजेची सोय करा आणि व्हॉट्सॲप सोबतीला ठेवा. नंबरच्या बाबतीत बाबांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते केवळ सवयीपोटी नाही.

तांब्याच्या लाइनने आपल्याला काय काय दिलं होतं ते आधी बघू, कारण ती गेल्यावर नेमकं तेवढंच भरून काढायचं आहे. घरात येणाऱ्या दोन तारांच्या जोडीवर एक्स्चेंज सतत ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा ठेवतं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होऊन करंट वाहू लागतो, त्यावरून एक्स्चेंजला कळतं की फोन उचलला गेला, आणि डायल टोन येतो. समोरून कॉल आला की त्याच जोडीवर सुमारे ७५ व्होल्टचा एसी सोडला जातो आणि घंटी वाजते. म्हणजे बोलण्याची, घंटीची, डायल टोनची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीतून येते. तिथे शिशाच्या मोठ्या सेलची रांग असते आणि मागे डिझेल जनरेटर. सगळ्या पेठेत अंधार असला तरी घरचा फोन चालायचा तो या रांगेच्या जोरावर. घरातल्या कुणालाही काही चार्ज करावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता. एक नंबर म्हणजे एक जोडी, ती जोडी रस्त्याकडेच्या एका पेटीतून, म्हणजे पिलरमधून, घराजवळच्या छोट्या वाटप-डबीवर, म्हणजे डीपीवर, आणि डीपीवरून एका घरात. नंबर कळला की घर कळलं. तिसरी गोष्ट साधी आहे, पण म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात मोठी: तो फोन घराचा होता. घंटी घरभर वाजायची आणि जो जवळ असेल तो उचलायचा. मोबाइल बाबांचा असतो किंवा आईचा असतो, आणि तो बहुतेक वेळा आतल्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद करून ठेवलेला असतो.

हीच लाइन आता का मरते आहे तेही सांगतो, म्हणजे दुरुस्तीच्या आशेवर आणखी एक पावसाळा घालवणार नाही. भूमिगत केबलमध्ये शेकडो जोड्या असतात आणि ठिकठिकाणी सांधे असतात. रस्ता खोदला, जलवाहिनी टाकली, गटार दुरुस्त केलं की केबल तुटते आणि एक सांधा वाढतो. प्रत्येक सांधा ही पाणी शिरायची जागा. पाणी शिरलं की दोन तारांमधलं इन्सुलेशन उतरतं, आधी खरखर, मग दुसऱ्याचं बोलणं ऐकू येणं आणि शेवटी फोन डेड. पूर्वी अशा केबलवर हवेचा दाब ठेवून गळती शोधणारी माणसं होती, सांधा उघडून एकेक जोडी पुन्हा बांधणारे जॉइंटर होते. आता ती माणसं निवृत्त झाली, आणि मोजक्याच चालू जोड्यांसाठी अख्खी केबल बदलणं कुणालाही परवडत नाही. तुमच्या लाइनमनला दोष देऊ नका, त्याच्या हातात फार काही उरलेलं नाही.

आता इंटरनेटवरून बोलणं. लोक या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी धरतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिली म्हणजे ॲपवरून ॲपवर बोलणं: व्हॉट्सॲप, फेसटाइम, सिग्नल. यात टेलिफोनचं जाळं कुठेच येत नाही, दोन्हीकडे तेच ॲप लागतं. दुसरी म्हणजे फायबरवरची लँडलाइन. आवाज इंटरनेटच्याच पद्धतीने छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, बनून जातो, पण नंबर खरा, एसटीडी कोडसकट, आणि जगातल्या कुठल्याही फोनवरून त्यावर कॉल येतो. तिसरी म्हणजे मोबाइलची वाय-फाय कॉलिंग. नंबर मोबाइलचाच, फक्त टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल कंपनीच्या जाळ्यात पोचतो.

आपल्याकडे यांतली दुसरी आणि तिसरी सोय उशिरा आली, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांनी सांगितलेले अनुभव जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. भारतात २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण इंटरनेटवरून निघालेला कॉल देशातल्या साध्या फोनवर उतरवायला मनाई होती. स्काइपनेही भारतातल्या भारतात फोन लावायची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केली होती, आणि आता २०२५ च्या मे महिन्यात तर स्काइपच बंद झालं. २०१८ साली परवान्याच्या अटी स्पष्ट झाल्या, त्याच वर्षी बीएसएनएलने ‘विंग्स’ नावाने ॲपवरून कुठल्याही फोनवर बोलण्याची सेवा आणली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिओ फायबर लँडलाइनसकट आलं. एअरटेलची वाय-फाय कॉलिंग त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि जिओची जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. आज या तिन्ही गोष्टी साताऱ्यासारख्या गावात कायदेशीरपणे मिळतात. कुणी परदेशातून आणलेला डबा जोडून किंवा सिमकार्डांचं यंत्र लावून बाहेरचे कॉल इथल्या फोनवर उतरवून देतो म्हणाला, तर त्या भानगडीत पडू नका, तो सरळ गुन्हा आहे.

नुसतं व्हॉट्सॲप का पुरत नाही? त्यावरून ११२ लागत नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येत नाही. गॅस एजन्सी, पलीकडच्या गल्लीतला मेडिकलवाला, बँकेची हेल्पलाइन, पतसंस्था, सोसायटीचा वॉचमन यांपैकी अनेकांना त्यावरून फोन जात नाही. शेजारच्या काकूंना तुमच्या घरी काही विचारायचं असेल तर त्यांनी कुणाचा नंबर लावायचा? आणि ॲप अपडेट मागतं, फोन बदलला की पुन्हा खातं चालू करावं लागतं, डेटा संपला की गप्प बसतं. ऐंशीच्या माणसाला या प्रत्येक वेळी कुणाची तरी वाट बघावी लागते.

पण व्हॉट्सॲपची एक बाजू मी मनापासून उचलून धरतो, ती म्हणजे आवाज. जुन्या लँडलाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ यांसारख्या वर्णांचा बराचसा आवाज या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून लँडलाइनवर ‘साठ’ की ‘आठ’ असं दोनदा विचारावं लागतं. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेही आधी याच वरच्या पट्टीतून. व्हॉट्सॲप आणि मोबाइलच्या एचडी कॉलमध्ये हा पट्टा ७००० हर्ट्झ किंवा त्याहून वर जातो. आईला तुमचं बोलणं फोनवर नीट कळत नाही आणि व्हिडिओ कॉलवर कळतं, याचं कारण नुसतं चेहरा दिसणं हे नाही. म्हणून रोजच्या गप्पा, नातवंडांशी बोलणं, डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांची यादी समजून घेणं हे सगळं व्हॉट्सॲपवर करा. औषधाचं प्रमाण मात्र मेसेजमध्ये लिहूनही पाठवा.

आई-बाबांपैकी कुणी श्रवणयंत्र वापरत असेल तर ब्लूटूथचं यंत्र थेट मोबाइलला जोडता येतं. जुन्या यंत्रात ‘टी’ अशी खूण असलेली सोय असते, ती बऱ्याच लँडलाइनच्या हँडसेटबरोबर चालते. नवीन फोन घेताना यंत्र कानात घालूनच दुकानात ऐकून बघा.

आता मुख्य काम, फायबरवरची लँडलाइन. फायबर म्हणजे काचेची बारीक तार. ती घरात ज्या डब्यात येऊन थांबते त्याला ओएनटी म्हणतात, घरात सगळे त्याला मोडेम किंवा राउटर म्हणतात. त्याच्या मागच्या बाजूला नेटच्या चौकोनी खाचांशेजारी एक लहान खाच असते, ‘फोन’ किंवा ‘टेल’ असं लिहिलेली. त्यात साधा टेलिफोन लावायचा. त्या खाचेतून तो डबा फोनला डीसी पुरवतो, डायल टोन देतो आणि घंटीही वाजवतो. एक्स्चेंजने इतकी वर्षं केलं ते काम आता तुमच्या भिंतीवरचा डबा करतो.

तुम्हाला वाटेल, मग हेही इंटरनेटच, व्हॉट्सॲपहून वेगळं काय? फरक रस्त्याचा आहे. बहुतेक कंपन्या या फोनचा आवाज त्याच काचेतून पण वेगळ्या मार्गिकेने नेतात, रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवावी तशी. घरात कुणी सिनेमा बघत असलं किंवा नातवाचा मोबाइल सुट्टीतले फोटो वर चढवत असला तरी या कॉलवर फरक पडत नाही. व्हॉट्सॲपचा कॉल मात्र त्या गर्दीतूनच जातो.

वेगाच्या जाहिरातींकडे फार बघू नका. एका कॉलचा आवाज दर सेकंदाला ५० पॅकेटं करून जातो, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचं बोलणं, आणि सगळा पसारा एका दिशेला शंभर किलोबिटच्याही आत बसतो. ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन आई-बाबांना भरपूर झाला. बोलणं बिघडतं ते पॅकेटं उशिरा किंवा मागेपुढे पोचली की. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर जाणवत नाही. त्याच्या बराच वर गेला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि वैतागतात. व्हॉट्सॲपवर असं होत असेल तर आधी वाय-फाय तपासा. तुमचं घर जुनं, दगडमातीच्या जाड भिंतींचं असेल तर एका राउटरचं वाय-फाय माजघरापर्यंतही नीट पोचत नाही. अशा घरात राउटर कोपऱ्यातल्या शोकेसवर ठेवण्याऐवजी मधल्या खोलीत आणा. त्यानेही भागलं नाही तर नेटची तार ओढून आत दुसरा राउटर लावा. तार न ओढता नुसते सिग्नल वाढवणारे स्वस्त डबे मिळतात, फोनवरच्या बोलण्यासाठी मी ते सुचवत नाही.

जोडणीतली एक गोष्ट बारकाईने सांगतो, कारण बसवायला येणारी मुलं घाईत असतात. जुन्या घरात बैठकीत एक फोन आणि आत एक पॅरलल फोन असतो, दोन्हींच्या तारा भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या रोझेट डबीत एकत्र आलेल्या असतात. ओएनटीतून एक तार काढून त्या रोझेटमध्ये घातली की घरातले दोन्ही फोन पुन्हा वाजू लागतात, नवीन तारा ओढाव्या लागत नाहीत. पण त्याआधी बाहेरून डीपीवरून आलेली तांब्याची जोडी त्या रोझेटमधून सोडवून, टोकं टेप लावून वेगळी ठेवायलाच हवी. ती तशीच राहिली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट किंवा वळवाच्या पावसातला विजेचा झटका थेट ओएनटीच्या खाचेत शिरतो आणि डबा जातो. बसवणारा मुलगा कामाला लागला की त्याला रोझेट उघडून दाखवायला सांगा, बाबांनी समोर उभं राहून बघितलं तरी पुरे.

फोन कोणता लावायचा? एक तरी तारेचा, बटणांचा, साधा फोन हवाच. कॉर्डलेस सोयीचा असतो, आईला स्वयंपाकघरात नेता येतो, पण त्याच्या बेसला वेगळी वीज लागते. वीज गेली की कॉर्डलेस गप्प, तारेचा फोन मात्र ओएनटी जिवंत आहे तोवर चालतो. घरात जुना गोल तबकडीचा फोन असेल तर त्यावर घंटी वाजेल, बोलताही येईल, पण बऱ्याच ओएनटींना तबकडीचे ठोके समजत नाहीत, त्यामुळे त्यावरून नंबर लागेलच असं नाही. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘मराठीसाठी १ दाबा’ म्हटल्यावर बटण दाबून काहीच होत नसेल, तर कंपनीकडे डीटीएमएफची, म्हणजे बटण दाबल्यावर जाणाऱ्या सुरांची, सेटिंग तपासायची तक्रार करा, तोच शब्द वापरा. ते काम बहुतेक वेळा दुरूनच होतं.

विजेबद्दल मी जरा जास्तच बोलतो, पण सगळी गोम इथे आहे. काच वीज वाहून आणत नाही. एक्स्चेंजची बॅटरीखोली आता तुमच्या घरात आली आहे आणि ती तुम्हालाच सांभाळायची आहे. ब्रिटनमध्ये तांब्यावरचं जुनं फोनचं जाळं डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं फोनलाइनवर चालत, ती नव्या जोडणीत बंद पडल्याचे गंभीर प्रकार २०२३ मध्ये पुढे आले आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय होणारं स्थलांतर थांबवावं लागलं. अमेरिकेत तर २०१५ साली काही वर्षांपुरता नियमच केला होता की अशा फोनला मागेल त्या ग्राहकाला आठ तासांची बॅटरी विकत द्यावी, २०१९ पासून चोवीस तासांची. आपल्याकडे ही तजवीज घरच्यांनीच करायची, असं धरून चाला.

घरात इन्व्हर्टर आहे का? असेल तर ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. बऱ्याच घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि टीव्हीजवळचा प्लग नसतो, आणि राउटर नेमका तिथेच लावलेला असतो. इन्व्हर्टरवर ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात ओएनटी बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि फोन परत लागायला काही मिनिटं जातात.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. त्यावर १०,००० एमएएच असं छापलेलं बघून हुरळून जाऊ नका, तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातले १२ व्होल्ट करताना काही वाया जातात, हाती ३० च्या आसपास उरतात. ओएनटी ९ वॉट खात असेल तर साधारण तीन तास. महावितरणच्या नेहमीच्या खोळंब्याला हे पुरतं, वादळात पडलेल्या खांबाला पुरत नाही. ओएनटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच यूपीएस घ्या, पिन बसते म्हणून लावू नका. आणि दोन-तीन वर्षांनी आतले सेल थकतात, तेव्हा तो बदलायचा आहे हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घरची वीज झाली, रस्त्यातल्या विजेचं काय? हा प्रश्न फायबर घेण्याआधी विचारा. मोठ्या कंपन्यांचं फायबर बहुधा एक्स्चेंजपासून घरापर्यंत कुठेही वीज न लागणाऱ्या स्प्लिटरमधून, म्हणजे एका काचेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीतून, येतं, मधल्या मार्गात बंद पडण्यासारखं काही नसतं. पण काही स्थानिक केबलवाले कुणाच्या तरी गच्चीवर नेट वाटणारा एक विजेवरचा डबा, म्हणजे स्विच, ठेवतात आणि तिथून नेटची तार घराघरांत नेतात. त्या गच्चीवरची वीज गेली की तुमचा यूपीएस चालू असूनही फोन बंद. स्थानिक माणसाची सेवा पुष्कळदा तत्पर असते, मी त्याच्या विरोधात नाही, पण ‘माझ्या घरापर्यंत काच येते की तार, आणि मध्ये वीज लागणारं काही आहे का’ हे त्याला स्पष्ट विचारा.

फायबर पाण्याने सडत नाही, त्यामुळे पावसाळ्याचं दुखणं जवळपास संपतं. मात्र काच तुटते. झाडाची फांदी पडली, ट्रकने ओढली, माकडांनी लोंबकळून खेचली की ओएनटीवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. बाबांना हे एकच शिकवा: लाल दिवा म्हणजे बाहेर काच तुटली, कंपनीला फोन करायचा. सगळे दिवे हिरवे आणि तरी डायल टोन नाही, तर डबा बंद करून थोड्या वेळाने चालू करायचा. घरातली ती बारीक तार सोफ्याच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत दाबू नका, आणि तिच्या हिरव्या टोकाला हात लावू नका.

मोबाइलची वाय-फाय कॉलिंग दोघांच्याही फोनमध्ये सुरू करून ठेवा, सेटिंगमध्ये फक्त एक बटण आहे. जाड भिंतींच्या घरात रेंज नसते तिथे तिचा मोठा आधार होतो. काच तुटली तर मोबाइल टॉवरवर जातो, टॉवर बंद पडला तर वाय-फायवर येतो. दोन वेगळ्या वाटा राहतात. त्यासाठी मोबाइलचं सिम आणि घरचं फायबर शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवा.

संकटाच्या वेळी कुठून फोन करायचा हे घरात ठरलेलं हवं. ११२ किंवा १०८ लावायचा असेल तर हाताशी येईल तो खरा फोन, लँडलाइन किंवा मोबाइल, ॲप नाही. काही कंपन्यांच्या लँडलाइन ॲपने घरचा नंबर मोबाइलवरही घेता येतो. तुम्ही बंगळुरूत बसून तो वापरत असाल तर पलीकडच्याला नंबर साताऱ्याचा दिसेल, त्यामुळे त्यावरून मदत मागू नका. आणि फोन उचलला गेला की आधी पत्ता सांगायचा, मग काय झालं ते. घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण एका जाड अक्षरांच्या कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

आता नंबर. आपल्याकडे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. म्हणून साताऱ्याच्या ०२१६२ कोडचा जुना नंबर टिकवायचा असेल तर त्याच कंपनीच्या फायबरवर जावं लागेल, आणि तिथेही तो नंबर मिळेल का हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. मी बाबांच्या बाजूने का आहे ते इथे येतं. तो नंबर एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे, गावाकडच्या चुलतभावाच्या वहीत आहे, बाबांच्या शाळेतल्या मित्रांच्या डायरीत आहे. त्यांच्या वयाची माणसं नवा नंबर साठवत नाहीत, जुना लागला नाही तर फोन करणंच सोडतात. या वयात माणसं अशी तुटू देऊ नयेत. नंबर मिळतच नसेल तर बाबांबरोबर बसून वहीतल्या प्रत्येकाला तुम्ही फोन करा आणि नवा नंबर लिहून घ्यायला लावा. तासाभराचं काम आहे.

बँक, पोस्ट, पॉलिसी, वीजबिल यांवर जुना नंबर असेल तर तिथे मोबाइल नोंदवा, नाहीतरी ओटीपी लँडलाइनवर एसएमएसने येत नाही. लँडलाइनचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून वापरत असाल तर शेवटची काही बिलं जपून ठेवा. आणि आईला अजून सांगितलं नसेल तर: लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं, १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे. ‘फोन लागतच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत अडचण एवढीच निघते.

भावासाठी दोन गोष्टी. तो रोज व्हॉट्सॲपवर बोलेल, पण आई-बाबांनी उचललं नाही तर त्याच्या हातात लँडलाइनचा नंबर हवा आणि त्याच्या प्लॅनमध्ये भारतात कॉल करायची सोय हवी. रात्री घाबरून प्लॅन शोधायची वेळ येऊ नये. त्याने स्वतःच्या घरीही इंटरनेटचा फोन घेतला असेल, तर तिथल्या ९११ या संकटकाळच्या नंबरसाठी घराचा पत्ता कंपनीकडे नोंदलेला असतो, तो घर बदलल्यावर स्वतः बदलावा लागतो. गूगल व्हॉइस या गूगलच्या इंटरनेट फोनचा वैयक्तिक नंबर तर ९११ लावतच नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून पोलिसांच्या वेशात ‘डिजिटल अटक’ केल्याचं सांगणारे लोक वृद्धांनाच शोधतात. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती दोघांच्या फोनवर आजच सुरू करा. अशी अटक कायद्यात नाही, कुणी तसं म्हणालं की फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, हे आई-बाबांना पुन्हा पुन्हा सांगा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करायची.

बदल कसा करायचा? नंबर त्याच कंपनीकडे ठेवणार असाल तर तो फायबरवर आल्याशिवाय जुना सरेंडर करू नका, नाहीतर नंबर हातातून जातो. कंपनी बदलणार असाल तर दोन्ही लाइन निदान एक बिलिंग महिना बरोबरीने चालवा. त्या काळात तुम्ही साताऱ्याला असाल तेव्हा एका संध्याकाळी घरचा मेन स्विच बंद करा आणि बसून बघा. डायल टोन येतो का, बंगळुरूच्या मोबाइलवरून लावल्यावर घंटी माजघरात ऐकू येते का, यूपीएस किती वेळ टिकतो, अंधारात आईला फोन सापडतो का. जे अडेल ते तुम्ही तिथे असतानाच दुरुस्त होईल. सरेंडरच्या अर्जाची पोच घ्या, सुरुवातीला भरलेली अनामत परत मागा, त्यासाठी थकबाकी शून्य असल्याचं शेवटचं बिल लागतं.

ओएनटीच्या मागच्या बाजूचा आणि घरातल्या रोझेटचा झाकण उघडून काढलेला फोटो मला पाठवा, म्हणजे कुठली तार सोडवायची आणि कुठली जोडायची ते खुणा करून परत पाठवतो.